जिन्यावरचा बैल

यासीन, आधी तुझी माफी मागतो. तुझ्यावर लिहिण्याचा अधिकार माझा नाही. तुझ्यासोबत शाळेत गेलेली मुलं आहेत, तुझ्या गल्लीत वाढलेली आहेत, तुझ्या घरची माणसं आहेत. मी तुला ओळखलं ते एम.ए.च्या वर्गात, आणि ती ओळख दोन उन्हाळ्यांच्या आतच संपली. एवढ्या थोड्या ओळखीवर माणसाबद्दल छापायचं लिहावं का, हे मला अजून समजत नाही. पण सर म्हणाले, "विभागाच्या अंकात यासीनवर तूच लिही." मी म्हटलं, "सर, मला असलं लिहिता येत नाही." ते म्हणाले, "म्हणूनच तू लिही." तू असतास तर बाहेर व्हरांड्यात येऊन या उत्तरावर पोट धरून हसला असतास.

दुसरी अडचण भाषेची आहे. तुझ्या घरची बोली वेगळी. तिला मी एकदा उर्दू म्हटलं तर तू म्हणालास, "उर्दूवाले ऐकतील तर मारतील." हिंदी म्हटलं तर म्हणालास, "हिंदीवालेही मारतील." माझ्या घरची अहिराणी. आणि हे मी लिहितोय मराठीत, पुस्तकातल्या. म्हणजे तू गेल्यावर तुझ्याशी बोलायला बसलो तो अशा भाषेत, जी तुझ्या चुलीजवळची नाही आणि माझ्याही नाही. मला याचा संकोच वाटतो. तुला वाटला नसता. तू म्हणाला असतास, "दोन पाव्हणे तिसऱ्याच्या ओट्यावर बसलेत. ओटा गार आहे ना? मग बसू दे."

पहिला दिवस मला नेहमी थोडा धूसर आठवतो, झोपेतून उठल्यावर खोली दिसते तसा. टेकडीवरचा वर्ग, खिडक्यांतून येणारा वारा, खाली महामार्गावर केळी भरलेल्या ट्रकांची रांग. सरांनी विचारलं, "वर्गात द्वैभाषिक किती जण आहेत?" कोणाचाच हात वर झाला नाही. आम्हाला वाटलं, इंग्रजी फाडफाड बोलणारा तो द्वैभाषिक. मग मागच्या बाकावरून तू हात वर केलास. एक नाही, दोन्ही. सर म्हणाले, "दोन्ही का?" तू म्हणालास, "तीन येतात सर, पण तिसरा हात नाही."

तास सुटल्यावर तू माझ्याकडे आलास.

"तू कोन गावना?"

"मी दोंडाईच्याजवळचा आहे," मी म्हटलं.

"मंग हात कसाले नही उचला?"

मी गोंधळलो. मुसलमान मुलगा, जळगाव शहरातला, आणि माझ्या आत्यासारखं बोलतोय. मी मराठीतच उत्तर दिलं, की अहिराणी ही काही वेगळी भाषा नाही, आमची मराठी अशुद्ध आहे म्हणून ती तशी होते. मला शाळेत तसंच सांगितलं होतं आणि मी ते मनापासून मानत होतो. तू माझं नाव विचारलंस. मग म्हणालास, "भटू, तुझ्यावर काम करावं लागेल."

ते काम तू पुरं केलंस की नाही, ते सांगायलाच हे लिहितोय.

तुझे अब्बा मण्यार. शहरात छोटं दुकान आणि बाजाराच्या दिवशी गावोगाव बांगड्यांच्या पेट्या. लहानपणापासून तू त्यांच्याबरोबर फिरलास आणि बायकांच्या घोळक्यात बसून अहिराणी शिकलास. तुझी अहिराणी म्हणूनच बायकी आहे असं मी चिडवायचो. तू म्हणायचास, "चांगलं आहे की. बायका खरं बोलतात. पुरुष सगळे सरपंच असल्यासारखे बोलतात."

लघुप्रबंधाला आपण दोघांनी मिळून विषय घेतला: माणूस घरची भाषा कधी सोडतो आणि कधी पुन्हा धरतो. विभागाचा टेपरेकॉर्डर घेऊन आपण गावांमध्ये गेलो, भुसावळ-सुरत पॅसेंजरमध्ये बसलो, आणि पहिला महिना हात हलवत परत आलो. सरांची अट होती की आवाज टिपतोय हे आधी सांगायचं. आपण सांगायचो, बटण दाबायचो, आणि समोरचा माणूस खाकरून थेट आकाशवाणी व्हायचा. "आमच्या गावामध्ये मुख्यत्वेकरून कपाशीचे पीक घेतले जाते." बटण बंद केलं की तोच माणूस मागे वळून पोराला अहिराणीत शिव्या घालायचा.

मग तुला ते सुचलं. अमळनेरच्या पुढे गाडी थांबली होती, उकडत होतं, डब्यातली निम्मी माणसं पेंगत होती. समोरची बाई एकदम दचकून जागी झाली. तू बटण दाबलेलंच होतंस, तिला सांगितलेलंही होतंस. तू सहज विचारलंस, "मावशी, काय दखं सपनमा?" ती अजून अर्धी झोपेतच होती. सांगू लागली, की तिची गाडी चुकते, मग गाडीच तिला शोधत तिच्या गल्लीत येते, आणि गल्ली अरुंद म्हणून भिंतींना घासते. सगळं अहिराणीत. यंत्राकडे तिचं लक्षही गेलं नाही.

"भटू," तू उतरताना म्हणालास, "स्वप्न सांगणारा माणूस आत बघून सांगतो. त्याला समोर कोण बसलंय ते दिसत नाही."

त्यानंतर आपण स्वप्नंच विचारत हिंडलो. विभागातली मुलं आपल्याला ज्योतिषी म्हणायची. धरणगावच्या त्या गुरुजींनी सांगितलं, की त्यांना स्वप्नं फक्त शुद्ध मराठीत पडतात. तू अगदी नम्रपणे विचारलंस, "गुरुजी, स्वप्नात कोणी चुकलं तर तुम्ही दुरुस्त करता?" ते म्हणाले, "अर्थातच." मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

मला मात्र तू विचारलंस की मी सांगायचो, मला स्वप्नं पडत नाहीत.

"खोटारडा."

"खरंच नाही पडत."

"पडतात. तुला कळत नाही तिथे तू कोणत्या भाषेत आहेस, म्हणून तू लपवतोस."

हे तू बरोबर बोललास. मला भीतीच होती. स्वप्न मराठीत पडलं असं निघालं, तर माय मला परकी झाली. अहिराणीत पडलं असं निघालं, तर एवढं शिकून मी कुठेच पोचलो नाही. त्यापेक्षा झोपेत काळोखच बरा, असं वाटायचं. आणि तू तरी मला कुठे सांगितलंस? "माझ्या स्वप्नात कोणी बोलतच नाही," म्हणायचास, "फक्त बांगड्या वाजतात." ते खरं होतं की माझ्यासारखीच पळवाट होती, ते आता कोणाला विचारू?

सुमीला बघायला पाहुणे आले तो दिवस आठव. माझी धाकटी बहीण, आणि मुलगा दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरीला. वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी माणसं म्हणून आमच्या घरी आठवडाभर आधीपासून धास्ती. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरात सगळ्यांना बजावलं होतं की पाहुण्यांसमोर नीट बोलायचं. ते स्वतः जिनिंगमध्ये कामाला जाता-येता ओठांत वाक्यं घोळवत होते. मी तुला बोलावलं ते धीर म्हणून.

पाहुणे आले. आबा म्हणाले, "यावे, प्रवासात आपणांस त्रास तर नाही ना झाला?" मुलाचे वडील म्हणाले, "छे छे, गाडीमध्ये जागा उपलब्ध होती." मग शांतता. "आपल्याकडे यंदा थंडीचे प्रमाण कसे आहे?" "प्रमाण बरे आहे." पुन्हा शांतता. पोहे आले, गेले. चहा आला. सुमी येऊन बसली, तिला नाव विचारलं, शिक्षण विचारलं, आणि ती आत गेली. दोन्हीकडची माणसं घामाने भिजली होती. माय दाराआड उभी राहून पदर चावत होती. मला दिसत होतं की सोयरीक बसत नाही. कोणाचं काही चुकलं नव्हतं, तरी दोन घरं एकमेकांना हात लावत नव्हती.

तू खाटेच्या कडेला बसला होतास. कप खाली ठेवलास आणि मुलाच्या वडिलांना विचारलंस, "बाबा, तुमले सपन पडस का?"

आबांचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

ते गृहस्थ आधी सावरून बसले. "हो, म्हणजे, स्वप्न पडते. कधी कधी." मग त्यांची नजर आढ्याकडे गेली. "एक तर नेहमी पडते. आमचा बैल आहे. होता. मूळ गावी. तो आमच्या वसाहतीत आला आहे, आणि..." त्यांनी हात हवेत वर वर नेला. "आणि जिना चढी गया ना भो! तिसरा मजलापावत! मी दार उघाडं तं दारसमोर बैल. आते त्याले उतारू कसा?"

कोणी हसलं नाही. सगळे त्या जिन्याखाली उभं राहून वर बघत होते. आणि दाराआडून माय बोलली. पाहुण्यांसमोर बोलायचं नाही हे विसरून.

"मंग? उतरना का तो?"

"नही ना बहीन! माले जाग उनी. आजून तठेच उभा शे बिचारा."

मग जे हसू फुटलं ते आवरेना. मुलाची आई डोळे पुसत आबांना म्हणाली, "सकायपाइन पुस्तक वाची ऱ्हायनूत आपन!" कळलं की ते मूळचे शिरपूरकडचे, आमच्यासारखेच. त्यांच्याही घरी आठवडाभर सराव चालला होता. त्यांना वाटलं हे कॉलेजवाल्या मुलाचं घर, आम्हाला वाटलं ते वसाहतीतले. जेवणाच्या आधीच सोयरीक पक्की झाली.

निघताना मायने तुझ्या हातात खापरावरच्या पुरणपोळ्यांची चवड बांधून दिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हाऊ पोऱ्या घरना शे. मना भटू पाव्हना व्हई गया."

ती थट्टेत बोलली. सगळे हसले, मीही हसलो. फक्त तू हसला नाहीस. तू माझ्याकडे पाहत होतास.

परतीच्या गाडीत नरडाण्याला क्रॉसिंग होतं. फलाटावर ऊन तिरपं झालेलं, चहावाला रिकाम्या कपांचा मनोरा करून बसलेला. तिथे आपलं भांडण झालं. मी म्हटलं, माय बरोबर बोलली. मी घरी गेलो की मला शब्द शोधावे लागतात, आणि विद्यापीठात बोलायला उभा राहिलो तरी शोधावे लागतात. दोन भाषा म्हणजे दोन घरं असं सर सांगतात. मी तर दोन्हीकडे ओट्यावरचा माणूस आहे.

"मी तीन घरांचा मालक आहे," तू म्हणालास. "भाडं कोणालाच देत नाही."

"तुला सोपं आहे."

"सोपं?" पहिल्यांदाच तुझा आवाज चढला. "मी अहिराणी बोललो की लोक म्हणतात, वा, मुसलमान असून. मराठी बोललो की म्हणतात, वा, मुसलमान असून. घरी 'सगळं' म्हणायच्या जागी चुकून 'बठ्ठा' म्हणालो तर आजी म्हणायची, देहाती हो गया. भटू, तुला निदान कोणी 'वा' तरी म्हणत नाही."

समोरून गाडी धडधडत गेली. ती गेल्यावर तू शांतपणे म्हणालास, "पाहुणा कोण आणि घरचा कोण, हे जागेपणी ठरत नाही. तुझं स्वप्न आण. मग बघू." मी म्हटलं, हे काही शास्त्र नाही. तू म्हणालास, शास्त्र सरांना देऊ, हे आपल्यापुरतं. ते भांडण तिथेच राहिलं. अजून त्या फलाटावर आहे.

सुमीच्या लग्नात चुडा भरायला तुझे अब्बा आले. मी त्यांना चाचा म्हणायचो. आमच्या अंगणात निंबाखाली त्यांनी पेट्या उघडल्या, आणि काचेतून गाळलेलं हिरवं-लाल ऊन बायकांच्या हातांवर सांडलं. चाचा म्हाताऱ्यांशी अहिराणी बोलत, दीपनगरहून आलेल्या बायकांशी मराठी, आणि मधूनच तुला त्यांच्या बोलीत सांगत, की कोणत्या पेटीतून काय दे. व्याही मंडपात आले तेव्हा चाचांनी चुडा भरायला धरलेला हात न सोडता विचारलं, "काय बाबा, उतरना का बैल?" तू त्यांना सांगितलंच होतंस, आणि आमच्या दोन्ही घरांत तोवर हा रामराम झाला होता. भेटलं की आधी बैलाची खबर. व्याह्यांनी मान हलवली. "नही ना चाचा. चारा टाकस, खास, उभा ऱ्हास."

तू त्या दिवशी फार जेवला नाहीस. थकल्यासारखा वाटत होतास. मंडपात सगळेच थकले होते. संध्याकाळी दोंडाईच्याच्या स्टेशनावर मी तुम्हाला पोचवायला आलो. तू पेट्यांवर बसून होतास. गाडी हलली तेव्हा दारात उभा राहून ओरडलास, "सुट्टीनंतर मोकळा येऊ नको! स्वप्न घेऊन ये!"

सुट्टीत मी गावी होतो. गावात कोणाकडे फोन नव्हता. माझा पत्ता विभागात कोणाला माहीत नव्हता, तो तुलाच माहीत होता.

आणि मला स्वप्न पडलं, यासीन.

दुपारचं होतं. मी निंबाखाली खाटेवर आडवा झालो होतो. आपल्या विभागाचा जिना. पायऱ्या संपतच नव्हत्या. खाली सर उभे, गुरुजी उभे, पॅसेंजरमधली ती मावशी उभी, तिची गाडी शहाण्यासारखी बाजूला उभी. आणि वर व्याह्यांचा बैल. पांढरा, मोठा, शिंगांना लग्नातली झूल अडकलेली. सगळे माझ्याकडे बघत होते. मी दोन पायऱ्या चढलो आणि हात पुढे केला. "ये रे राजा," मी म्हटलं, "हयूहयू ये. पाय सरकी जाई." मला माझा आवाज ऐकू आला. शब्द शोधावा लागला नाही. बैलाने एक खूर खाली ठेवला, मग दुसरा. तो खाली येत गेला तसा जिना आखूड होत गेला, आणि शेवटच्या पायरीवर तो माझ्या खांद्याला घासून आमच्या अंगणात उतरला. माय तिथेच होती. तिने विचारलं, "उतरना का?" मी म्हटलं, "उतरना."

डोळे उघडले तेव्हा निंबाच्या फांद्यांमधून ऊन हलत होतं आणि मी हसत होतो. मायला मी उठल्या उठल्या स्वप्न सांगितलं. पुरं ऐकून ती म्हणाली, "घर उना मना पोऱ्या." एवढंच. पुन्हा भाकरी थापायला लागली.

मला ते तुला सांगायचं होतं. पत्रात लिहून मजा नव्हती. विद्यापीठ उघडायला वेळ होता, तरी मी पॅसेंजर धरली. नरडाण्याला गाडी थांबली तेव्हा मी खाली उतरून आपल्या भांडणाच्या जागेवर चहा प्यायलो. मी जिंकलो की तू, हे मला ठरवता येईना. सगळी वाट मी वाक्य घोळवत होतो, आबांनी पाहुण्यांसाठी घोळवलं होतं तसं. फक्त भाषा दुसरी.

तुमच्या गल्लीत शिरलो तेव्हा दुपार कलली होती. आता आठवतं, की तुझी सायकल भिंतीला टेकलेली होती आणि तिच्या सीटवर धूळ होती. आतला रेडिओ बंद होता. तेव्हा मला यातलं काही दिसलं नाही. चाचा ओट्यावर बसून बांगड्या दोऱ्यात ओवत होते.

"चाचा, यासीन कोठे शे? त्याले सांगानं शे. बैल उतरना!"

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे पाहत राहिले. हातातला दोरा तसाच होता.

"उतरना?" ते म्हणाले.

"उतरना!"

"बस," त्यांनी ओट्यावर जागा केली. "कसा उतरना? सांग माले."

मी बसलो आणि सांगितलं. जिना, सर, मावशीची गाडी, शिंगांची झूल. त्यांनी मला एकदाही तोडलं नाही. मी "हयूहयू ये" म्हणालो तेव्हा त्यांचे ओठ हलले, जणू तेही बैलाला बोलावत होते. आतून पडद्याशी कोणीतरी येऊन उभं राहिलं आणि तिथेच थांबलं. बैल अंगणात उतरला, मायने विचारलं, मी उत्तर दिलं, इथपर्यंत त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बेस व्हयनं," ते म्हणाले. "बेस व्हयनं. त्याले लई आवडतं."

मग त्यांनी बांगड्यांचा दोरा मांडीवरून खाली ठेवला. काचेचा बारीक आवाज झाला आणि थांबला. त्यांनी माझा हात धरला, सुमीचा चुडा भरताना धरला होता तसा, बोटं जुळवून, हलक्या हाताने.

"भाऊ," ते म्हणाले, "तुले कोनी सांगं नही का?"